वार लावलेली दाढी

माझ्या धाकट्या भावाचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुठं मी थोरलेपणाचा आव आणला, तर खुशाल समजा की म्हातारा थापा मारतोय.

आमचं गाव खर्ड्याकडचं, कोरडवाहू. घरचा धंदा न्हाव्याचा. आबांकडं, म्हणजे आमच्या वडिलांकडं, गावातली सव्वीस घरं होती. घरं होती म्हणजे आम्ही कुणी वतनदार होतो असं नव्हे. त्या सव्वीस घरांतल्या गड्यांच्या दाढ्या आणि डोकी आबांनी वर्षभर करायची, पोरांची जावळं काढायची, लग्नात नवरदेवाच्या मागं उभं राहायचं, आणि सुगी झाली की पोतं घेऊन त्यांच्या खळ्यावर जायचं. ते घालतील ती ज्वारी घ्यायची. याला बलुतं म्हणत. रोख पैसा सणासुदीला दिसला तर दिसला.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. एका खळ्यावर मालकानं माझ्या पोत्यात ज्वारी घातली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दोन ओंजळी परत काढून घेतल्या. "ह्या तुज्या थोरल्यानं दिवाळीला माज्या कानाला वस्तरा लावला. त्याचं हे वजा," असं आबांना म्हणाला. खळ्यावरचे सगळे हसले. ते हसले त्याचं काही नाही, पण आबाही हसले. वर शेजारच्या धाकल्याकडं बोट करून म्हणाले, "थोरल्याचा हात जड हाय मालक. धाकल्याचा बगा तुमी. वस्तरा फिरतोय का न्हाई ते कळत न्हाई."

धाकला माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तेव्हा तो नुकता आबांच्या पायावर वस्तरा फिरवायला शिकत होता. पाय! आणि मी चार वर्षं जिवंत माणसांच्या गळ्यावर वस्तरा धरत होतो.

त्या दिवशी मला बलुत्याची चीड आली, असं मी पुढं जन्मभर लोकांना सांगत आलो. ऐकणारे मान डोलवायचे. पण चीड नक्की बलुत्याची आली की धाकल्याच्या हाताची, याचा मी कधी नीट छडा लावला नाही. मी गाव सोडलं. नगरला एका दुकानात चार वर्षं काढली आणि मग श्रीरामपूर गाठलं. तेव्हा स्टेशनाला बेलापूर म्हणायचे आणि गावाचं श्रीरामपूर हे नाव नुकतं कुठं तोंडात बसत होतं. उसाच्या गाड्या, गुळाच्या ढेपा, कापूस, आगगाडीनं येणारे-जाणारे. अशा गावात माणसांच्या दाढ्या वाढायच्या थांबत नाहीत. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर मी दुकान टाकलं. भिंतीवर मोठा आरसा, पाठ मागं कलणारी खुर्ची आणि बाहेर पाटी: केशकर्तनालय. तिच्याखाली, 'आज रोख, उद्या उधार.' ती ओळ मी मुद्दाम लाल रंगात लिहून घेतली होती. खुर्चीत बसा, दाढी करा, पैसे ठेवा, रामराम. तुम्ही माझे कुणी नाही, मी तुमचा कुणी नाही. त्यात मला फार मोठेपणा वाटायचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला आबा गेले. जाताना त्यांनी धाकल्याला सांगितलं, "थोरल्याकडं जा. दोघं एका छपराखाली राव्हा." तो काखेत आबांची धोकटी मारून आला. धोकटी म्हणजे आमच्या हत्यारांची चामडी पिशवी. ती थोरल्याकडं जायला हवी, पण आबांनी ती त्याला दिली. घरात गेलो आणि बायकोवर उगाच खेकसलो.

मी त्याच्यासाठी दुसरी खुर्ची मांडली, लाकडी, साधी. चांगली माझ्याकडं ठेवली. महिन्याभरात काय व्हावं? माझी कलणारी खुर्ची रिकामी असायची आणि लोक बाकावर बसून त्या लाकडी खुर्चीची वाट बघायचे. मी पट्ट्यावर वस्तरा फटाफट परजत म्हणायचो, "या की, इथं या, मोकळं हाय." तर गिऱ्हाईक म्हणायचं, "नाही, बसतो जरा. घाई नाही." घाई नाही! हाच माणूस माझ्या एकट्याचं दुकान होतं तेव्हा घड्याळ दाखवून मला हैराण करायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका गोष्टीत मात्र आमचं जमायचं. न्हावी स्वतःची दाढी स्वतः करत नाही, ही आमच्या घरची रीत. हात उलटा पडतो, आणि तसं केलं तर हाताची बरकत जाते असं आबा म्हणायचे. आपल्या माणसाकडून करून घ्यायची, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. बुधवारी दुपारी पेठ थंड असायची. तेव्हा मी त्याची दाढी करायचो, तो माझी करायचा. त्याचा हात गालावर फिरला की मला झोप यायची. जाग आली की आणखी राग यायचा.

लढाई संपल्यावर पेठेत दाढीची पाती मुबलक मिळायला लागली. लोखंडी दांडी, तिच्यात पातं घालायचं आणि घरच्या आरशात आपलं आपण खरडायचं. वकील, कारकून, कारखान्यावरचे बाबू अशी बरी बरी माणसं दिसेनाशी झाली. मी त्या पात्यांना शिव्या घालत बसलो. धाकला विचार करत बसला. चैत्रात एका बुधवारी, माझ्या गालाला साबण लावलेला असताना, तो म्हणाला:

"दादा, ही मान्सं वाट बगून कटाळतात म्हनून घरी खरडतात. आपन त्यास्नी वार लावून देऊ. कुनाला मंगळवार-शुक्रवार, कुनाला बुधवार-रविवार. आपल्या वारी आला की बाकावर बसायचं न्हाई, थेट खुर्ची. ज्याची त्याची वाटी येगळी, कुंचला येगळा, फडकं येगळं. आनि पैसं म्हैन्याचं म्हैन्याला, आदी. म्हंजी आपल्यालाबी ठावं, म्हैन्याला आपली किती घरं हायती."

घरं! त्या एका शब्दासरशी मी साबणासकट उठलो. मला ते खळं दिसलं, पोत्यातून परत निघणाऱ्या दोन ओंजळी दिसल्या.

"बलुतं मांडतोस व्हय माज्या दुकानात? मी त्याला लाथ मारून आलोय. हितं घरंबिरं न्हाईत, हितं गिऱ्हाईक हाय. रोख!"

"आरं पन दादा, बलुत्यात आपन मागनारं होतो. हितं वार आपला, म्हंजी हुकूमबी आपला..."

"आबांची अक्कल आबांच्या धोकटीत ठेव."

तो गप्प बसला नाही. म्हणाला, "रोखीचं गिऱ्हाईक आज हाय, उद्या न्हाई. घर म्हंजी घर असतंय." मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहितो, कारण पुढं तेच आडवं आलं. म्हणालो, "जा, काड तुजं दुकान. आन् मी बोलावल्याबगर माज्या खुर्चीला परत शिवलास, तर याद राख."

त्यानं माझी अर्धी राहिलेली दाढी पुरी केली. एक ओरखडा नाही. फडक्यानं गळा पुसला, धोकटी उचलली आणि गेला. त्याची स्वतःची दाढी त्या बुधवारी राहूनच गेली.

गेला कुठं? समोर! रस्ता ओलांडून, शिंप्याच्या शेजारच्या गाळ्यात. त्याला आरसा होता वीतभर आणि खुर्ची होती कुणाच्या तरी घरातून मोडीत काढलेली. पण भिंतीवर त्यानं एक लांब फळी ठोकली आणि तिच्यावर वाट्या मांडायला लागला. माणसं आपापल्या घरून वाटी आणायची, पितळेची, जस्ताची, कुणाची काशाची. कुणी वाटीला दोरा बांधायचं, कुणी बुडाला खिळ्यानं खूण करायचं. पहिल्या आठवड्यात चार वाट्या होत्या. मला माझ्या खुर्चीजवळून बरोबर दिसायच्या. नाही दिसल्या तर मी पाणी फेकायचं निमित्त काढून दारात यायचो. चाराच्या नऊ झाल्या. नवाच्या चौदा. बायको म्हणाली, "आवो, किती पानी फेकता? दारात चिखल झालाय."

आणि गंमत अशी की तो एक पैसा कमी घेत नव्हता. मी हिशेब करून बघितला. महिन्याच्या दाढ्या आणि एकदाचे केस माझ्याकडं रोखीनं केले तरी तेवढेच होत होते. मग लोक तिकडं का जावेत? वाटीसाठी? त्यांच्या घरात वाट्या नव्हत्या काय?

तर नुसत्या वाटीसाठी नव्हे. कारखान्यातला एक बाबू माझ्या दुकानापुढून चालला होता. मी म्हटलं, "या साहेब, मोकळं आहे." तर छाती पुढं काढून म्हणाला, "आज माझा वार आहे." जसं काही कलेक्टरनं भेटीला बोलावलंय! तीच माणसं, माझ्याकडं आली की गिऱ्हाईक आणि तिकडं गेली की पाहुणे. कुणी आपल्या वारी नाही आला, तर धाकला संध्याकाळी त्याच्या घरावरून चक्कर मारायचा. "आज आला न्हाईत, बरं हाय ना?" असं विचारायचा. माझ्याकडं येणारा माणूस महिनाभर आला नाही तर मी म्हणायचो, मेला असेल.

सगळ्यात झोंबलं ते गुरुजींचं. हे हायस्कुलातले गुरुजी, ब्राह्मण, अंगानं काटकुळे, सोवळ्याओवळ्याचं थोडं जास्तच. श्रीरामपुरात माझ्या खुर्चीत बसलेला पहिला माणूस म्हणजे ते. एका शुक्रवारी मी बघतो तर हातात चांदीची वाटी घेऊन, रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं, माझ्याकडं न बघता निघालेत. चांदीची! माझ्याकडं आठ वर्षं आले, कधी पितळेची आणली नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "धाकल्यानं माझा केसानं गळा कापला."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा गळा तुमीच कापताय. आरशात बगा."

खरंच होतं. रीत मोडून मी माझी दाढी माझ्या हातानं करायला लागलो होतो. हनुवटीवर दोन, कानाखाली एक असे ताजे काप कायम असायचे. दुसऱ्याला दाढी करून देणारा माणूस असं तोंड घेऊन दारात उभा राहिला, तर कोण येईल? एकानं तोंडावर विचारलं, "मांजर पाळलंय का?"

आणि समोर धाकल्याची दाढी वाढत होती. आठवड्याभरानं खुरटी, महिन्यानं चांगली बोटभर. पेठेत बोलवा उठली की त्यानं नवस बोललाय. पन्नास घरं पुरी झाली की दाढी उतरवणार. कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण मला ते फटकन पटलं. मग मी वाट्यांबरोबर दाढीही मोजायला लागलो. ती दाढी म्हणजे माझ्या दुकानाच्या आयुष्याची दोरी. ज्या दिवशी हा गुळगुळीत गालानं दारात दिसेल, त्या दिवशी पन्नास घरं त्याची झाली आणि माझा बाजार उठला. सकाळी दुकान उघडताना मी देवाकडं नाही, आधी समोर बघायचो. दाढी आहे? आहे. मग उदबत्ती.

आषाढ सरता सरता फळीवर अडतीस वाट्या झाल्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बलुतं तर बलुतं, पण याला पन्नास गाठू द्यायची नाही. मी पण महिनेवारी काढतो. पेंटर बोलावला. 'आज रोख, उद्या उधार' पुसून टाकलं. तिथं लिहून घेतलं: 'महिनेवारी दाढी. स्वतंत्र वाटी दुकानाची. पहिला महिना निम्म्या दरात.' त्याची माणसं वाट्या घरून आणतात ना? मी चोवीस नव्या पितळी वाट्या विकत आणल्या. इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरुवात करायची म्हणून फळीवर घासूनपुसून मांडल्या. दाराला आंब्याचा टहाळा बांधला आणि बसलो.

कोणी येईना. लोक पाटी वाचायचे, तोंडाला हात लावायचे आणि पुढं जायचे. दुपारी एक भुसारी दारात थांबला आणि पोट धरून हसायला लागला.

"अहो कारागीर, आज तिथी काय?"

मी मागच्या भिंतीवरच्या पंचांगाकडं बघितलं. श्रावण शुद्ध द्वितीया.

श्रावण! अख्खं गाव ज्या महिन्यात दाढीला हात लावत नाही, त्या महिन्याची मी महिनेवारी काढली होती. निम्म्या दरात! सात पिढ्या न्हाव्याच्या. सोमवारी कोण दाढी करत नाही, शनिवारी कोण नाही, अमावस्या, एकादशी, सगळं मला झोपेत पाठ. पण माझे डोळे समोरच्या फळीवर होते, पंचांग बघतो कोण?

"उद्या एकादशीला मटणाची खानावळ काढा," भुसारी म्हणाला आणि पेठभर सांगत गेला. महिनाभर माझं नाव मटणाची खानावळ पडलं होतं.

माझ्या चोवीस वाट्यांपैकी दोन लागल्या. एक कापड रंगवणारे मुसलमान चाचा, आणि दुसरे मिशनच्या शाळेतले ख्रिस्ती मास्तर. त्यांना श्रावण नव्हता. दोघंही नेमानं आले, गप्प बसले, हसले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. बाकीच्या बावीस वाट्यांत धूळ बसायची आणि ती मी रोज पुसायचो.

मला वाटलं, निदान धाकलाही या महिन्यात माशा मारेल. मी मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसलो. तर काय? त्याची माणसं आपापल्या वारी येतच होती! कुणी डोक्याला तेल चोळून घ्यायचं, कुणी नखं काढून घ्यायचं, कुणी नुसतंच गप्पा मारून जायचं. आणि महिन्याचे पैसे देत होती. मी एकाला न राहवून विचारलं, "दाढी करत न्हाई, मग पैसे कशाचे?" तो म्हणाला, "वार जाईल ना हो माझा. भाद्रपदात दुसऱ्यानं धरला म्हणजे?"

त्या रात्री मी जेवलो नाही. दाढी न करता दाढीचे पैसे! आणि मी, वाट्या विकत आणून, मटणाची खानावळ.

श्रावण सुटला. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला एकदम दाढी करायची होती. तो दिवस बुधवार होता. धाकल्याच्या दारात ही गर्दी! महिन्याभराच्या दाढ्या खाजवत माणसं रस्त्यापर्यंत उभी. त्यातली बरीच बिनवाराची, नव्यानं वार मागायला आलेली. मी मनात बेरीज केली. अडतीस आणि ही. आज पन्नास होणार. आज दाढी उतरणार.

माझ्या दुकानातही त्या दिवशी चार माणसं आली, नाही असं नाही. आणि दुपारी चक्क गुरुजी आले. हातात चांदीची वाटी, तोंडावर पांढरी खुंटं, चेहरा जरा ओशाळा.

"तो घेत नाही मला," ते म्हणाले. "म्हणतो, गुरुजी, तुमचा वार शुक्रवार. आज बुधवारवाल्यांचं. घरी जावई यायचेत रे, असा कसा दिसू?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. पाठ कलणाऱ्या खुर्चीत बसवलं, त्यांच्याच चांदीच्या वाटीत साबण केला. उजवा गाल झाला. डाव्या गालाला साबण लावला आणि मग मी हळूच, सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गुरुजी, पन्नास घरं झाली का त्याची? आज नवस फिटणार म्हणतात."

"कसला नवस?"

"दाढीचा. अवघ्या पेठेला ठाऊक आहे."

"खुळा आहेस. मी विचारलं होतं त्याला, कुठल्या देवाला बोललास म्हणून. म्हणाला, देव न्हाई गुरुजी. माजी दाढी दादा करतो. माजा वार बुधवार, दादाकडं. त्यानं सांगितलंय, बोलावल्याबगर खुर्चीला शिवू नको. बोलावंल तवा जाईन." गुरुजींनी साबणातून माझ्याकडं बघितलं. "अरे, थांबलास का?"

माझा हात वर तसाच राहिला होता. वस्तऱ्यावरून फेस मनगटावर उतरत होता. चैत्र ते भाद्रपद, पाच महिने. मला वाटत होतं ती दाढी माझ्या मुळावर उठलीय. आणि ती माझ्या एका शब्दापायी, माझ्याच खुर्चीची वाट बघत वाढत होती. मी रीत मोडून स्वतःचं तोंड फाडून घेतलं. त्यानं मोडली नाही. इतके न्हावी श्रीरामपुरात, कुणापुढंही गाल धरला नाही.

लाज वाटली. फार लाज वाटली. पण खोटं बोलणार नाही, लाजेच्या आधी क्षणभर असंही वाटलं की हे मला का नाही सुचलं?

मी वस्तरा ठेवला आणि बाहेर पडलो. मागून गुरुजी ओरडले, "अरे, डावा गाल!" मी रस्ता ओलांडला. त्याच्या दारातली माणसं बाजूला झाली. त्यांना वाटलं, आता भांडण जुंपणार. आत धाकला एका आडतदुकानदाराच्या दाढीत गुंतला होता. आरशात त्यानं मला बघितलं आणि त्याचा हात थांबला.

पाच महिन्यांत मी किती भाषणं तयार केली होती! एक आठवलं असेल तर शपथ. मी म्हणालो, "आज बुधवार हाय."

त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला. फळीवरून स्वतःची वाटी उचलली. आडतदुकानदाराला म्हणाला, "बसा मालक जरा. माजा वार हाय."

"अरे, माझी अर्धी राहिली!"

"माजी पाच म्हैन्याची ऱ्हायलीय," धाकला म्हणाला आणि माझ्या मागोमाग चालू लागला. पेठ हसत होती. हसू दे म्हटलं. अर्धा साबण लावलेला आडतदुकानदार दारात येऊन उभा राहिला आणि इकडं अर्धा साबण लावलेले गुरुजी.

गुरुजींना मी लाकडी खुर्चीवर हलवलं. ते कुरकुरले नाहीत. धाकला कलणाऱ्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला होता. त्याची बुधवारची दाढीसुद्धा मी लाकडीवरच उरकायचो, माझी तेवढी हिच्यात व्हायची. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यानं डोकं मागं टेकलं आणि भिंतीवरच्या माझ्या बावीस कोऱ्या वाट्या बघितल्या. हसला असता तर मी हाकलून दिलं असतं. कदाचित.

आधी कात्रीनं दाढी उतरवली. मग कोमट पाणी, साबण. मग वस्तरा. गळ्याखाली आलो तेव्हा त्यानं डोळे मिटून मान पार मागं टाकली. पाच महिने मनातल्या मनात मी या माणसाचं काय काय केलं होतं! माझा हात जड, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यालाही ठाऊक. मी श्वास धरून एकेक बोटानं पुढं गेलो. एवढ्या सावकाश मी आयुष्यात कुणाची दाढी केली नाही. तरी कानाखाली एक लागलाच. बारीक लाल टिपूस आलं. मी तुरटी फिरवली.

"लागलं काय रं?" मी विचारलं.

"दोन ओंजळी वजा," तो म्हणाला.

मी हसायला गेलो आणि भलतंच झालं. फडकं डोळ्यांना लावून मी तसाच उभा राहिलो. गुरुजी भिंतीकडं बघत राहिले.

मग तो उठला. बाहेर त्याची माणसं खोळंबली होती, हाका मारत होती. त्यानं लक्ष दिलं नाही. मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. माझ्या हनुवटीवरचे काप बोटानं चाचपले. "कोन करतंय तुजी दाढी? पार वाटोळं केलंय."

"हाय एक. रोखीनं करतो."

"त्याला सोड," तो म्हणाला आणि साबण लावायला लागला.

वस्तरा गालाला लागला आणि मी डोळे मिटले. फिरतोय की नाही ते कळत नव्हतं. आबांचाच हात. तो त्याच्याकडं गेला होता, माझ्याकडं कधी येणार नव्हता. बाहेर पेठ कालवा करत होती, भाऊ माझ्या खुर्चीशी परत आला होता, आणि त्या तसल्या घटकेलाही, काय सांगू, मला त्या हाताचा हेवा वाटला. मग झोप लागली.